‘मला डॉक्टर म्हणू नका’

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत मी सवयीने “बोला, डॉक्टर” म्हटलं आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, “मॅडम, डॉक्टर नका ना म्हणू. नावानेच बोला.”

आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. अमेरिकेत येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. मायदेशात एमबीबीएस, दोन वर्षं बालरोग विभागात काम, लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ इकडे. मुलगी झाली. तिला झोपवून रात्री अभ्यास करत अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्यासाठीच्या स्टेप वन आणि स्टेप टू या परीक्षा दिल्या, डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा ओईटी दिली, बाहेर शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवलं. सप्टेंबरमध्ये रेसिडेन्सीचे, म्हणजे रुग्णालयातल्या पगारी प्रशिक्षणाच्या जागांचे, अर्ज गेले, मुलाखत आली एकच. उमेदवार आणि जागा यांची सांगड घालणाऱ्या प्रक्रियेला ‘मॅच’ म्हणतात. मार्चमध्ये मॅचच्या आठवड्यातल्या सोमवारी ईमेल आला, की कुठेही जागा मिळालेली नाही. उरलेल्या जागांसाठीच्या ‘सोप’ या फेरीत केलेले अर्जही वाया गेले.

परदेशात डॉक्टरकी करू पाहणारे अनेक जण माझ्याशी बोलतात. कुणी ब्रिटनमध्ये परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅब परीक्षेचे दोन्ही भाग पास होऊन अर्जांमागून अर्ज करत असतं, कुणी जर्मनीत वैद्यकीय जर्मनच्या परीक्षेला पुन्हा बसत असतं. फिरून प्रश्न तोच येतो : “पदवीला इतकी वर्षं झाली, परीक्षाही झाल्या, तरी कोणी घेत नाही. मी अजून डॉक्टर आहे का? आणि किती वर्षं थांबायचं?” या बाईंची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

‘डॉक्टर म्हणू नका’ असं कधीपासून वाटायला लागलं, असं मी दुसऱ्या भेटीत विचारलं. त्यांना दिवस नेमका आठवत होता. मुलीच्या लसीकरणाचा. तिथल्या बालरोगतज्ज्ञ वयाने त्यांच्याहून लहान होत्या. लसीनंतर ताप येऊ शकतो, घाबरायचं नाही, औषध वजनाप्रमाणे इतके मिली द्यायचं, हे त्यांनी सावकाश, सोप्या शब्दांत समजावलं. “मी नुसती मान हलवत राहिले. मी स्वतः कितीतरी आयांना हेच सांगितलंय. पण तोंडून शब्द फुटेना. मी डॉक्टर आहे म्हटलं असतं आणि त्यांनी ‘प्रॅक्टिस कुठे करता?’ विचारलं असतं तर?” घरी येऊन त्यांनी स्टेथोस्कोप कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात टाकला. परवाना नसताना स्वतःला डॉक्टर म्हणवणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मी त्यांची झोप, भूक विचारली, आणि जगणं नकोसं वाटतं का हेही सरळ विचारलं. समोर डॉक्टर असेल तर हा प्रश्न मी कधीच टाळत नाही, कारण स्वतःची लक्षणं कशी झाकायची हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. झोप उडाली होती, रडू अवेळी येत होतं. तो विचार मात्र मनात नव्हता. तरीही अमेरिकेत मानसिक संकटात मदत करणारा, चोवीस तास चालणारा ९८८ हा क्रमांक मी त्यांना फोनमध्ये जतन करायला लावला.

घरात माणूस गेलं तर लोक भेटायला येतात, जेवणाचे डबे आणतात, दोन शब्द बोलतात. कामातली ओळख गेली तर “पुन्हा अर्ज कर” एवढंच म्हणतात. आई फोनवर विचारायची, “अगं, पास झालीस ना? मग नोकरी का देत नाहीत?” नवरा मनापासून म्हणायचा, “एवढी ओढाताण कशाला? माझ्या पगारात भागतंय आपलं.” त्यांना त्यातून एवढंच ऐकू यायचं, की तुझ्यावाचून काही अडत नाही. पहिल्या तीन-चार भेटींत मी अर्जांबद्दल एक शब्दही काढला नाही. त्या वॉर्डातल्या गोष्टी सांगायच्या, मी ऐकायचे. आधी शोक झाला पाहिजे, मग आखणी. हा क्रम उलटा केला की माणूस आणखी दोन वर्षं धावतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं होतं, कारण घरोघरी तोच विचारला जातो. ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र म्हणजे दारात उभं राहायची परवानगी. आत जायचं तर रेसिडेन्सीची जागा हवी. अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या आणि बाहेर शिकलेल्या उमेदवारांपैकी मॅचमध्ये अलीकडे दहातल्या साधारण सहा जणांना जागा मिळत आली आहे. तिथेच एमडी होणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण शेकडा नव्वदच्या वर असतं. त्यात २०२२ पासून स्टेप वनला गुण मिळत नाहीत, फक्त पास की नापास. म्हणजे परदेशी पदवीधराला गुणांवर उठून दिसायची एक जागा गेली. प्रत्यक्ष रुग्ण तपासून दाखवायची स्टेप टू सीएस ही परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद झाली. शिवाय अनेक ठिकाणी पदवीला पाचेक वर्षं उलटली की अर्ज चाळणीतच गळतो.

हे सगळं मांडल्यावर मी त्यांना विचारलं, “या देशात तुम्हाला रुग्णासमोर बसलेलं कुणी पाहिलंय?” त्या बराच वेळ गप्प होत्या. ओईटीत रुग्णाची भूमिका करणारा माणूस सोडला तर कुणीच नाही. “म्हणजे निवड करणाऱ्यांनी एक फाइल बाजूला ठेवली,” मी म्हटलं. “तुम्ही मुलांना कशा तपासता, हे बघायची वेळच आली नाही.” मी हे धीर द्यायला म्हणत नव्हते. फाइलमध्ये काय कमी आहे ते शोधता येतं, आणि त्यांच्या फाइलमध्ये अमेरिकेतल्या वॉर्डाचा अनुभव आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं नव्हती. परवान्याचाही घोळ सोडवला. परवान्याशिवाय रुग्ण तपासणं, औषध लिहून देणं बेकायदा आहे आणि ते करायचं नाही. पदवी मात्र कोणी काढून घेतलेली नाही.

त्यांनी एका रुग्णालयाच्या बालरोग विभागात एक महिन्याची ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे नुसतं बघून शिकायची संधी, मिळवली. जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल या वाटेवर फार आहेत. त्यांनी आधी ओळखीच्या डॉक्टरांना पत्रं लिहिली आणि त्यातूनच काम झालं. ऑब्झर्व्हरला रुग्णाला हात लावता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्या रडवेल्या झाल्या : “मॅडम, मी हात मागे बांधून उभी असते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेले डॉक्टर रुग्ण तपासतात.” तिसऱ्या आठवड्यात वॉर्डातल्या एका बाळाच्या बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाताना त्यांना दिसली. बाळ शांत होतं म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी नर्सला बोलावून दाखवलं. वरिष्ठ डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला. त्या भेटीत त्या अर्धा तास फक्त त्या बाळाच्या श्वासाबद्दल बोलल्या, मधे एकदाही थांबल्या नाहीत. पुढे शिफारसपत्र त्याच वरिष्ठांनी लिहिलं.

‘किती वर्षं थांबायचं?’ या प्रश्नाचं उत्तर मी कुणालाही देत नाही, पण ते ठरवायचं कधी याबद्दल माझा आग्रह असतो. निकालाच्या आठवड्यात नाही. आणि एकट्याने नाही. म्हणून एका भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. दोघांनी एका कागदावर लिहायचं होतं : अर्ज आणखी किती वेळा, त्यासाठी पैसे किती, दरम्यान काम कोणतं, दुसऱ्या राज्यात जागा मिळाली तर काय. पहिल्या तीन गोष्टी लवकर ठरल्या. आणखी दोन सायकल्स, म्हणजे अर्जांच्या दोन वार्षिक फेऱ्या, आणि बालरोगाबरोबर फॅमिली मेडिसिनलाही अर्ज. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी नोकरीमार्फत केलेला अर्ज, मंजूर झालेला असल्याने एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असूनही त्यांना कामाचा परवाना मागता येत होता. २०१५ पासून ही सोय आहे, पण पहिल्या सायकलच्या गडबडीत त्यांनी तो अर्ज केलाच नव्हता. तो केला. चौथ्या ओळीवर दोघंही गप्प बसले. त्याची नोकरी एका शहरात, रेसिडेन्सी मिळेल तिथे तीन वर्षं. ती ओळ मी कोरीच ठेवायला सांगितली.

दुसऱ्या सायकलला मुलाखती चार आल्या. मार्चमधल्या सोमवारी ईमेल मात्र पहिल्यासारखाच आला. त्यांनी मला त्याच दिवशी फोन केला, रडल्या, आणि मग विचारलं, “कागद आता काढायचा नाही ना?” मी म्हटलं, “नाही, एप्रिलमध्ये.”

तोवर कामाचा परवाना आला होता. आता त्या मुलांच्या दम्यावरच्या एका क्लिनिकल ट्रायलमध्ये समन्वयक आहेत. आईवडिलांना संमतीपत्र समजावून सांगतात, मुलं औषध नीट ओढून घेतात की नाही ते बघतात. पगार रेसिडेंटपेक्षा कमी, निर्णय सगळे दुसऱ्यांचे, आणि ही खंत त्या लपवत नाहीत. लेकीच्या पुढच्या तपासणीला त्यांनी त्या बालरोगतज्ज्ञांना सांगितलं, “मी डॉक्टर आहे, बाहेर शिकलेली. इथला परवाना नाही.” त्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि औषधाच्या डोसबद्दल दोघी वेगळ्याच भाषेत बोलल्या.

तिसरे आणि शेवटचे अर्ज या सप्टेंबरात जातील. एप्रिलच्या भेटीत त्यांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. चौथ्या ओळीवर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं : “मुलीची शाळा बदलावी लागली तरी चालेल. तीन वर्षं मी ये-जा करीन.”