केमो दिली नाही, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

ऑपरेशन होऊन आठवडा-दोन आठवडे झालेले असतात, टाके अजून ओढत असतात आणि भेटायला आलेलं कुणीतरी विचारतं, "मग केमो कधीपासून?" घरचे सांगतात, केमोची गरज नाही म्हणालेत. त्यावर पाहुणे नुसतं "अच्छा" म्हणतात. फुप्फुसात दुर्मीळ गाठ निघालेल्या घरांत हे "अच्छा" फार नुकसान करतं. डॉक्टरांना काय विचारायचं ते समजून घ्यायला मग कुणीतरी माझ्याकडे येतं, बोलणं संपल्यावर दाराशी थांबतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, खरं सांगा. उपाय उरला नाही म्हणूनच केमो दिली नाही ना?"

हा प्रश्न मला ठाण्यात इतक्या घरांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. कळव्याच्या एका ताईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांची संमती आहे.

ताई सेहेचाळीसच्या. घरून पोळी-भाजीचे डबे देतात. खोकला जुनाच. आधी ॲलर्जी म्हणून गोळ्या, मग दमा म्हणून पंप, मधे दोनदा न्यूमोनिया, तोही डाव्याच बाजूला. टीबीची तपासणी झाली, काही निघालं नाही. मग एका सकाळी कणीक मळताना ठसका लागला आणि बेसिनमध्ये रक्त दिसलं. सीटी स्कॅन, त्यानंतर दुर्बिणीची तपासणी. श्वासनळीच्या फाट्यातच गाठ बसलेली. बायोप्सीत नाव आलं: कार्सिनॉइड, म्हणजे कॅन्सरचीच एक दुर्मीळ, सहसा सावकाश वाढणारी गाठ.

इतका उशीर का झाला, यावरून घरात बरीच आदळआपट झाली होती. खरं तर ही गाठ फसवीच असते. नळीच्या आत वाढते, म्हणून श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो दम्यासारखा वाटतो. मागे कफ अडकतो, म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. फुप्फुसाच्या शंभर कॅन्सरमध्ये असे एक-दोनच. आपल्याकडे खोकल्यातून रक्त म्हटलं की पहिला संशय टीबीचा येणार, आणि तो यायलाच हवा.

माझ्याकडे आधी ताई आल्याच नाहीत. आले त्यांचे मिस्टर आणि मेव्हणे. मिस्टर रबाळ्याला एका कंपनीत. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "तिला काही सांगितलेलं नाही. गाठ आहे एवढंच सांगितलंय. तुम्हीही तेवढंच सांगा." आणि मग मोबाइल पुढे केला. रात्री जागून त्यांनी "फुप्फुसाचा कॅन्सर किती वर्षं" असं शोधलं होतं. आकडे वाईटच होते. पण ते होते फुप्फुसाच्या नेहमीच्या कॅन्सरचे, जो बऱ्याच जणांत पसरल्यावरच सापडतो.

मी डॉक्टर नाही. कुठलं औषध, कुठलं ऑपरेशन, हे मी सांगत नाही. पण रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरांना काय विचारायचं, ते कागदावर उतरवून देते. त्या दिवशी आम्ही एवढंच केलं. रिपोर्टवर "कार्सिनॉइड"च्या आधी कुठला शब्द आहे, टिपिकल की एटिपिकल? पेशी किती वेगाने विभागतायत? सूक्ष्मदर्शकाखाली 2 चौरस मिलिमीटर जागेत विभागणाऱ्या पेशी दोनपेक्षा कमी दिसल्या आणि मेलेल्या पेशींचा भाग, म्हणजे नेक्रोसिस, नसला तर ती टिपिकल. 2 ते 10 दिसल्या किंवा थोडा नेक्रोसिस असला तर एटिपिकल. दुर्बिणीतून घेतलेल्या इवल्याशा तुकड्यावर हे पक्कं ठरत नाही, अख्खी गाठ काढल्यावरच्या रिपोर्टवर ठरतं. म्हणून पहिल्या रिपोर्टवरून माणसाचं आयुष्य मोजायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेव्हणे व्यवहारी होते. त्यांनी विचारलं, "दुसरीकडे दाखवायचं का?" दुर्मीळ गाठीच्या बाबतीत मी तरी हो म्हणते. आणि नुसती फाईल फिरवून उपयोग नाही, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, मागून घ्यायचे आणि अशा गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्यायचे. ते परळला टाटाला घेऊन गेले. तोवर गाठ वाढली तर, ही मिस्टरांची भीती होती. सर्जनना तसं थेट विचारा म्हटलं. उत्तर आलं की ही सावकाश वाढणारी गाठ आहे, थोडे दिवस थांबल्याने बिघडणार नाही.

ताई मला भेटल्या त्या ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात. मिस्टरांना बाहेर बसवून आत आल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मला कॅन्सर आहे ना?" मी विचारलं, कुणी सांगितलं? "सांगायला कशाला हवं? हे बाथरूममध्ये जातात, नळ सोडतात आणि फोनवर बोलतात. रोज. पाणी किती वाया जातं." आणि हसल्या, मग रडल्या.

आजार लपवणाऱ्या घरांचा राग येत नाही मला. प्रेमापोटीच करतात. पण लपवल्यामुळे पेशंटला कळायचं थांबत नाही, फक्त त्याला एकट्याला कळतं. ताईंनी मनातल्या मनात सगळा हिशोब लावला होता. फोडणीच्या धुराने झालं, डब्यांच्या धंद्याने झालं, म्हणजे आपल्याच हाताने झालं. मुलीलाही होईल का? तेही प्रश्न आम्ही कागदावर घेतले. डॉक्टरांनी सांगितलं की टिपिकल कार्सिनॉइडचा तंबाखूशीसुद्धा ठळक संबंध दिसत नाही, धंद्याला दोष देऊ नका. क्वचित काही घराण्यांत एमईएन-1 नावाचा आनुवंशिक दोष असतो, त्यात अशा गाठी होतात, पण तुमच्या घरात तशी चिन्हं नाहीत.

ऑपरेशनमध्ये डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग आणि आजूबाजूचे लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर पसरू शकतो त्या लहान ग्रंथी, काढले. डाव्या फुप्फुसाचे असे दोन भाग असतात, उजव्याचे तीन. छातीतली नळी निघाली आणि खरी लढाई सुरू झाली ती तीन गोळ्यांच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्राशी. श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. पहिली जेमतेम हलायची. ताई चिडायच्या, मुलगा व्हिडिओ काढायचा. तिसरी गोळी वर गेली तेव्हाचा व्हिडिओ त्यांनी मलाही पाठवला. त्यात मागे मिस्टर "धर, धर, सोडू नको" असं ओरडताना ऐकू येतात.

अखेरचा रिपोर्ट आला: टिपिकल कार्सिनॉइड, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, लिम्फ नोड स्वच्छ, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नाहीत. केमो नाही, रेडिएशन नाही. फक्त तपासण्या. घरात पेढे वाटायचे तर सुतकी कळा, कारण तेच, "अच्छा". शिवाय पुतण्याने कुठून तरी आणलेलं, की ही गाठ न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) असते, म्हणजे इरफान खानला होता तोच आजार. मार्च 2018 मध्ये त्यांनी तो जाहीर केला आणि एप्रिल 2020 मध्ये ते गेले. मग आता आपल्याकडेही दोनच वर्षं?

या नावाखाली फार वेगवेगळे आजार येतात. महिन्यांत पसरणारा फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर न्यूरोएंडोक्राइनच, आणि ताईंची वर्षानुवर्षं जागेवर बसलेली गाठही न्यूरोएंडोक्राइनच. एकाची मुदत दुसऱ्याला लावता येत नाही. केमोचंही तसंच. केमोची बहुतेक औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना गाठतात. टिपिकल कार्सिनॉइडच्या पेशी रेंगाळत विभागतात, त्यांना केमोचा मार फारसा बसत नाही. शिवाय गाठ पूर्ण निघाली, नोड स्वच्छ आले, मग केमो द्यायची कुणाला? अशा पेशंटांपैकी साधारण 90 टक्के पाच वर्षांनंतरही हयात असतात. मिस्टरांनी हा आकडा डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा वदवून घेतला, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

सगळ्यांना हेच लागू पडतं असं मात्र नाही. एटिपिकल असेल तर पाच वर्षांचा आकडा निम्म्यापासून 70 टक्क्यांपर्यंत असा खाली येतो आणि पुढच्या उपचारांचा निर्णय टीमने बसून घ्यावा लागतो. नेरुळच्या एका काकांची गाठ यकृतात पसरली होती. ते दर चार आठवड्यांनी गाठींची वाढ रोखणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन घेतात. डोटा स्कॅनमध्ये, म्हणजे अशा गाठी दाखवणाऱ्या खास स्कॅनमध्ये, गाठी उजळल्या, म्हणून पुढे ल्युटेशियमच्या, म्हणजे गाठीला चिकटणाऱ्या किरणोत्सारी औषधाच्या, उपचाराचाही पर्याय आहे. एव्हरोलिमसच्या गोळ्या हा आणखी एक. बरं होणार नाही हे त्यांना माहीत आहे, तरी ते पामबीचला चालायला जातात. आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा सार्कोमॅटॉइडसारखा दुर्मीळ प्रकार निघाला तर मी कुणालाही खोटा दिलासा देत नाही, तो झपाट्याने वाढतो. तिथेही मेट (MET) नावाच्या जनुकाची तपासणी झाली का, हे जरूर विचारायला सांगते, कारण त्यातल्या काहींना नेमक्या त्या दोषावरच्या गोळ्या लागू पडतात.

ताईंचं आता चेकअपचं चक्र सुरू आहे. कार्सिनॉइड उशिराही परत येऊ शकतो, त्यामुळे निदान दहा वर्षं तपासण्या. त्याचा ताण येतोच. स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात झोप उडते, घरात विनाकारण भांडणं होतात. त्यावर आम्ही काही गोष्टी ठरवल्यात. त्या आठवड्यात मोठी ऑर्डर घ्यायची नाही. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवेपर्यंत कुणी मोबाइलवर शब्द शोधायचे नाहीत. फोनवर बोलायचं ते हॉलमध्ये बसून. आणि खोकल्यातून पुन्हा रक्त दिसलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं. फाईल, सीडी आणि टाटातून परत आणलेले ब्लॉक मिस्टरांनी एका पिशवीत घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलेत, आणि ते कुठे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत आहे.