आरएक्स १०० चा फिल्टर बॉक्स काढून मोठा मेन जेट टाकला तर पिकअप वाढेल का?

तुमची १९९४ ची आरएक्स, म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक गाडी आहे. गॅरेजवाला म्हणतोय हवेच्या फिल्टरचा बॉक्स काढू, उघडा कोन फिल्टर बसवू, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) मोठा घालू, गाडी उडेल. आणि तुम्ही विचारताय जेट कितीचा घालू. नंबराचं पुढे सांगतो, पण बॉक्स काढू नका. हे मी जीव तोडून सांगतोय, कारण ह्याच बॉक्सवरून आमच्या घरात एक भांडण अजून चालू आहे.

माझ्या आतेभावाची आरएक्स होती. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे ह्या गाडीचा नाद काय असतो ते वेगळं सांगायला नको. गाडी त्यानं सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकानं इंजिनाला आपोआप तेल देणारा ऑईल पंप काढून टाकलेला होता, तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागायचं. थंडीत स्टार्ट व्हायला त्रास, खालच्या आरपीएमला मिसिंग, अशा तक्रारी घेऊन तो माझ्याकडे आला. मी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकलोय. त्यांची शिस्त अशी की कार्बोरेटर उघडला की जे आहे ते आधी वहीत लिहायचं आणि जे बदललं ते त्याच्याखाली. त्याप्रमाणे लिहून ठेवलं. इंजिनाकडचा रबरी जॉइंट चिरलेला होता, गाडी तिथून एअर घेत होती, म्हणजे जास्तीची हवा आत ओढत होती. जॉइंट नवा टाकला, आयडलचं पेट्रोल देणारा पायलट जेट साफ केला, तिथली हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवला, मधल्या मुठीचं पेट्रोल ठरवणाऱ्या नीडलची (सुईची) क्लिप मधल्या खाचेत, मेन जेट कंपनीचाच. गाडी एका किकला सुरू व्हायला लागली. मीटिंगाला, बाजाराला, कॉलेजला सगळीकडे फिरली, काही तक्रार नाही.

पुढे दोन-तीन महिन्यांनी त्याला कुणीतरी सांगितलं की फिल्टर बॉक्समुळे गाडीचा श्वास कोंडतो. यानं बॉक्स काढला आणि कार्बोरेटरच्या तोंडाला जाळी बांधली. मला सांगितलं नाही. मूठ पिळली की असा काही भसाभसा आवाज यायचा की त्याला वाटलं गाडी दुप्पट पळतेय. तो आवाज फक्त उघड्या तोंडातून हवा ओढल्याचा असतो. बॉक्स हाच आवाज दाबतो, म्हणून बॉक्स निघाला की लोकांना वाटतं ताकद मोकळी झाली. मीटरवरचा काटा काय म्हणतो ते कुणी बघत नाही.

मग एका रविवारी साहेब संकेश्वरला निघाले. कागल-निपाणी फुल थ्रॉटल, आणि निपाणीच्या पुढे तवंदी घाटाच्या चढावर गाडीचा दम गेला. दम गेला तर मूठ सोडावी आणि क्लच दाबावा, यानं आणखी पिळली. मागचं चाक जाम झालं. नशीब चांगलं म्हणून माणूस रस्त्याच्या कडेला मातीत गेला, मागून ट्रक येत नव्हता. गाडी टेम्पोत घालून उद्यमनगरात आणली.

प्लग मी स्वतः काढला. मधलं पोर्सिलीन पांढराफटक, आणि त्यावर बारीक चमकणारे कण. ते कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. सिलिंडर उचलला तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग खाचेतच अडकलेली, बोअरला धातू चिकटलेला. मग मिस्त्रींच्या समोरच कार्बोरेटर उघडला आणि वही काढली. क्लिप तिथेच, जेट तोच, स्क्रू तेवढाच. बदललेली एकच गोष्ट होती, बॉक्स.

तरीही आजतागायत प्रत्येक लग्नात, बारशात हा माणूस चार लोकांत सांगतो की कार्बोरेटर ह्यानं सेट केला म्हणून माझा पिस्टन गेला. आणि वर विचारतो, "फिल्टर काढल्यानं कुठं पिस्टन जातो होय?"

जातो. कसा जातो ते तुमच्यासाठी लिहितो आणि तोही वाचेल अशी आशा आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. व्हेंच्युरीत, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात, दाब कमी होतो, पेट्रोल साठलेल्या फ्लोट चेंबरवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, ह्या फरकावर जेटमधून पेट्रोल वर येतं. बॉक्स आणि त्याचं तोंड हवेला थोडा अडथळा करतात, त्यामुळे जेटवरची ओढ वाढते. कंपनीनं जेटचा नंबर हा अडथळा धरूनच ठरवलेला असतो. अडथळा काढला की हवा वाढते आणि जेटवरची ओढ कमी होते. मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते, पण फुल थ्रॉटलला ताकद आणि थंडावा दोन्ही हवे असतील तर मिश्रण साडेबारा-तेराच्या आसपास घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, लागतं. लीन झालं की पिस्टनचा माथा तापतो. टू-स्ट्रोकमध्ये तर आत येणारं थंड मिश्रणच पिस्टनला थंड करतं. आणि ज्या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, तिथे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. घाटाच्या चढावर ह्याहून वाईट अवस्था नाही.

"मग मोठा जेट घातला की झालं" असं तुमचा गॅरेजवाला म्हणेल. मेन जेटचं राज्य मुठीच्या शेवटच्या पाव भागात असतं. त्याच्या खाली, पावपासून पाऊणपर्यंत, नीडल आणि नीडल जेट. अगदी सुरुवातीला पायलट जेट, एअर स्क्रू आणि स्लाइडचा (मूठ पिळली की वर सरकणाऱ्या झडपेचा) कापलेला कोपरा. तुम्ही शहरात नव्वद टक्के वेळ अर्ध्या मुठीच्या आतच चालवता. नुसता मेन मोठा केला तर मूठ पूर्ण पिळल्यावर घट्ट, कमी पिळल्यावर लीन, आणि मधे कुठेतरी गाडी अडखळणार. सगळं पुन्हा सेट करायचं तर हातात वेळ, चार-पाच जेट आणि मोकळा रस्ता हवा.

खरा पिकअप हवा असेल तर मी आधी रीड व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारी एकेरी झडप, काढून बघेन. त्याच्या पाकळ्या उजेडासमोर धरा, फटीतून उजेड दिसला किंवा कोपरा तुटलेला असला तर गाडी आत घेतलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे थुंकते. तीस वर्षांच्या गाडीत हे हमखास सापडतं आणि कुणी बघत नाही. मग रबरी जॉइंट. आयडलला गाडी ठेवून जॉइंटच्या बाजूनं कार्ब क्लीनर हलका मारा, आरपीएम बदलला तर एअर घेतेय. मूठ सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागणं हेही त्याचंच लक्षण. फिल्टरचा स्पंज केरोसीनमध्ये धुऊन, पिळून, तेल लावून परत बसवा. त्याच्यावर साठलेल्या चिखलानं गाडी मंद होते, आणि लोक राग बॉक्सवर काढतात. सायलेन्सरच्या आतल्या नळीत साठलेला काजळीचा थर काढा. ह्या चार गोष्टींनी तुमच्या गाडीत जो फरक पडेल तो कोन फिल्टरनं पडणार नाही. ९८ सीसीतून ११ बीएचपी काढलेली गाडी आहे ती, वजन जेमतेम शंभर किलो. कंपनीनं तिच्यात फार काही सोडलेलं नाही.

आता नंबर. तुमच्या जेटवरच तो कोरलेला असतो, तो आधी बघा. कार्बोरेटर मिकुनीचा मूळ आहे की बाजारातला डुप्लिकेट, हेही बघा, कारण डुप्लिकेटमध्ये त्याच नंबराचं भोक तेवढंच असेल असं नाही. बॉक्स जागेवर ठेवूनही मोठा जेट हवा असं एकच कारण आता मला पटतं, ते म्हणजे ई-२० पेट्रोल. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेचं प्रमाण साधारण साडेतेरा लागतं, म्हणजे त्याच जेटवर तुमची जुनी गाडी सहा-आठ टक्के लीन चालते. तेव्हा मूळ नंबरापासून पाच-पाचनं वर जा आणि दर वेळी प्लग बघा. गाडी गरम करा, मोकळ्या सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटल चालवा, तसंच असताना इग्निशन बंद करून लगेच क्लच दाबा, थांबून प्लग काढा. टोकाचा रंग सोडा, आत पोर्सिलीनच्या मुळाशी बघा. पांढरं असेल तर आणखी वर, काळं ओलं असेल तर खाली, तपकिरी हवं. फुल थ्रॉटलवरून मूठ किंचित सोडल्यावर गाडी जास्त ओढत असेल तरी मेन लहान आहे.

हे सगळं स्लाइडच्या कार्बोरेटरचं आहे. व्हॅक्यूमचा सीव्ही कार्बोरेटर असलेल्या गाडीला, म्हणजे अनेक पल्सरना, बॉक्स काढणं ह्याहूनही भोवतं, कारण स्लाइडच दाबाच्या फरकावर उचलली जाते. आणि काही सीव्हीमध्ये पुढचा स्क्रू हवेचा नसून पेट्रोलचा असतो. तो बाहेर सोडला की मिश्रण घट्ट होतं, तर आरएक्सचा हवेचा स्क्रू आत घेतला की घट्ट होतं. उलट फिरवलंत तर दिवसभर डोकं आपटाल. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा सुमारे बारा टक्के विरळ असते, त्यामुळे तिथे गाडी घट्ट वाटली तर तिथेच जेट बदलू नका.

तुमच्या गाडीला ऑईल पंप अजून असेल तर मूठ किंवा स्लाइड हलवल्यावर पंपाच्या केबलची खूण जुळतेय का हे तपासा. आणि तो पंप काढू देऊ नका, गॅरेजवाला कितीही म्हणाला तरी.