मारुती ८०० चं इंजिन पहिल्यांदा खोलताना

७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं साधं इंजिन आहे, घरी नक्की होईल. फक्त घाई नको. बोल्ट सुटला की फोटो काढ आणि जमेल तिथे तो त्याच्याच भोकात दोन आटे लावून ठेव.

इंजिनातल्या अर्धगोल पातळ चकत्या कसल्या, असं तू विचारलं होतंस. ते थ्रस्ट वॉशर. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, पुढे-मागे सरकू नये म्हणून त्या असतात. एका बाजूवरून नख फिरव, खाचा लागतील. ती बाजू क्रँककडेच हवी, तिथून तेल फिरतं. उलट्या बसल्या तर क्रँक घासतो, आणि तो खर्च फार जीवावर येतो रे.

क्रँकला जागेवर धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅपांची आपसात अदलाबदल अजिबात करू नकोस. त्या ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, लावूनच बोअर केलेल्या (आतून गोल कोरलेल्या) असतात, म्हणून प्रत्येक कॅप आपल्याच जागी नीट बसते. ओळखू न येणारा पार्ट डिझेलमध्ये धू, पुसून घे आणि तोच घेऊन दुकानात जा.