रहस्यकथा भरपूर वाचल्या, 'कोसला' मात्र तीनदा सोडली. मला वाचक म्हणता येईल का?

तुम्ही लिहिलंय की रोज ठाणे ते वाशी लोकलने जाता, रहस्यकथा आणि अनुवादित थ्रिलर ढिगाने वाचता, भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी तीन वेळा अर्ध्यात सोडली, आणि ऑफिसात कुणीतरी सुनावलं की अभिजात मराठी वाचलं नसेल तर ते वाचनच नव्हे.

तुमचं वाचन हे वाचनच आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठीत कितीतरी लोकांना पुस्तकाची गोडी लावली. शिवाय रहस्यकथा वाचणाऱ्याला एक सवय आपोआप लागते: हे कोण सांगतंय आणि काय लपवतंय? जुन्या कादंबऱ्यांसाठी याहून उपयोगी सवय नाही. माझ्या मते दांडगं वाचन ओळखायचं ते यावरूनच. शंभर पुस्तकांच्या यादीवर खुणा करून ते येत नाही. एक पुस्तक वाचताना दुसरं आठवावं आणि दोन्हींत बोलणारा माणूस वेगळा का वाटतो ते सांगता यावं, एवढं जमलं की झालं. म्हणून एकेक वाचू नका, जोडीने वाचा.

पहिली जोडी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) आणि उद्धव शेळक्यांची 'धग' (1960). 'बनगरवाडी' सव्वाशे-दीडशे पानांची आहे. ठाणे-वाशी अर्धा तास धरला तर बसायला मिळाल्यावर बारा-पंधरा पानं होतात, म्हणजे एकाच बाजूच्या प्रवासात दहा दिवसांत पुस्तक संपतं. उभं राहून एका हातात मावेल इतकं ते लहान आहे, हाही फायदाच. माडगूळकरांचा मास्तर बाहेरून वाडीत येतो आणि वाडी त्याला हळूहळू कळत जाते. शेळके मात्र 'धग'मध्ये तुम्हाला थेट नायिकेच्या, कौतिकच्या, घरात बसवतात, तिथे समजावून सांगायला कुणी मास्तर नाही. त्यात संवाद वऱ्हाडी आहेत. मले, तुले, काहून हे शब्द डोळ्याला अडतात, कानाला अडत नाहीत. पहिली वीस पानं घरी मोठ्याने वाचा, पुढचं गाडीत मनातल्या मनात आपोआप ऐकू येईल. वऱ्हाडीला कंटाळून 'धग' सोडणारे बहुतेक जण ही वीस पानं घाईने वाचतात.

दुसरी जोडी जड आहे, पण मला सगळ्यात मोलाची तीच वाटते: हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. दुसरं आत्मचरित्र आहे, कादंबरी नाही. तरीही जोडी हीच. एकात पुरुषाने बाईच्या तोंडून, यमूच्या तोंडून, लिहिलंय. दुसऱ्यात त्याच काळातली बाई स्वतः लिहितेय. यमूचं दुःख वाचून गलबलायला होतं. लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्यापायी घरच्यांची झालेली दैना सांगतात आणि आपण हसतो, मग हसल्याचं वाईट वाटतं. हा फरक कशातून येतो हे शोधायला एक महिना गेला तरी चालेल.

इथे अडखळायला होतं ते दोन कारणांनी. पहिलं, आपट्यांची कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात 1890 पासून क्रमशः येत होती. म्हणून ती रेंगाळते, मागचं पुन्हा सांगते. एका बैठकीत शंभर पानं वाचलीत तर कंटाळाल. रोज एक प्रकरण घ्या, तिची चाल तीच आहे. दुसरं कारण अनुस्वार. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, जुन्या आवृत्तीत ते आहेत. 'केलें' दिसलं की 'केलं' वाचा, निम्मा त्रास तिथेच संपतो. 'मी गेलें' हे बाईचं बोलणं आहे, आजचं 'मी गेले'. आणि 'घरांत' पाहून अनेक घरं समजू नका, जुन्या लेखनात एका घरातही 'घरांत'च लिहायचे.

विकत घेताना मुखपृष्ठाच्या आतलं पान बघा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. आपटे 1919 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं पुस्तक कुणीही छापू शकतो. 'संक्षिप्त' हा शब्द बारीक अक्षरात असेल तर ठेवून द्या. प्रस्तावना शेवटी वाचा, त्यात बहुधा शेवट फोडलेला असतो. विकत घेण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे यांनी 1893 मध्ये ते सुरू केलं. एकाच पुस्तकाची जुनी आणि नवी आवृत्ती मिळाली तर शेजारी ठेवून एक पान ताडून बघा, अनुस्वाराचं सगळं तिथेच उमगेल.

प्रत्येक जोडी संपली की एका कार्डावर पाच ओळी लिहा. कथानक लिहू नका. कोण बोलतंय, कुणाला उद्देशून, कुठली गोष्ट तो टाळतोय, एवढंच. कार्ड कोरं राहिलं तर पहिलं प्रकरण परत वाचा. बहुतेक वेळा पहिल्या वाचनात आपण फक्त पुढे काय होतं तेवढंच बघितलेलं असतं.

आता 'कोसला' (1963). तुम्ही घटना घडण्याची वाट बघत होता म्हणून ती सुटली. गोष्ट सांगणारा नायक पांडुरंग सांगवीकर पहिल्याच ओळीत स्वतःचं वय सांगतानाही 'उदाहरणार्थ' घालतो. वय हे उदाहरण कसं असेल? तिथे थांबा. पुढे जिथे जिथे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' येतं तिथे पेन्सिलीने बारीक खूण करत जा, आणि बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या भागात त्या शब्दांचं काय होतं ते बघा. 'कोसला'च्या आधी जोडीला विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939) घ्या. पुस्तक लहान आहे. युरोपातून मुंबईकडे निघालेलं जहाज, त्यावर ज्यू निर्वासित आणि एक मराठी तरुण. दोन तरुण, दोघंही स्वतःबद्दल सांगतायत. कुणावर जास्त विश्वास बसतो ते कार्डावर लिहा, मग चौथ्यांदा 'कोसला' उघडा.