परदेशात मिशनवर असताना तिथल्या चर्चच्या क्वायरमध्ये जावं का?

सलाम ताई. तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघं मिशनच्या कामाला दोन वर्षांसाठी मलावीला चाललाय, चिचेवा भाषा येत नाही, तर तिथल्या मंडळीच्या क्वायरमध्ये, म्हणजे उपासनेत गाणाऱ्यांच्या गटात, लगेच नाव घालावं की आधी भाषा शिकून मग बघावं. माझं मत, लगेच जा. आम्ही नवराबायको ब्लँटायरच्या बाजूला एका मिशन हॉस्पिटलला होतो, मी लॅबमध्ये, मिस्टर फार्मसीत आणि दोघंही क्वायरमध्ये, म्हणून बिनधास्त सांगते.

तिकडची मोठी प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) मंडळी म्हणजे सीसीएपी, चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन, मूळ स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांचं १८७५-७६ पासूनचं काम. तिथे चर्चचा क्वायर एकच असेल असं धरू नका. तरुणांचा वेगळा, बायकांच्या मंडळाचा (त्याला म्वानो म्हणतात) वेगळा, मोठ्यांचा वेगळा, आणि रविवारी ज्याची त्याची पाळी येते, त्यामुळे उपासना लांबते पण कोणी घड्याळ बघत नाही. तुम्ही पाहुणे म्हणून कुठेही बसवून घेतील, तरी पाळकांना आणि क्वायरमास्तरला रीतसर विचारूनच जा, कारण प्रॅक्टिस, ड्रेस, वर्गणी सगळ्याची शिस्त असते आणि तुम्हाला त्यातून सूट मागायची नाहीये.

आता गाण्याचं. बऱ्याच ठिकाणी गीतं टॉनिक सोल्फावर शिकवतात, म्हणजे पाच रेघांचं नोटेशन नाही, नुसती डो रे मी ची आद्याक्षरं आणि ठेक्यासाठी मधे टिंबं-रेघा. इंग्लंडमधल्या सेरा ग्लव्हर बाईंची पद्धत जॉन कर्वेन नावाच्या पाळकांनी १८४० च्या दशकात सुधारून पसरवली आणि मिशनऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत पोचली. आपल्याला हे सोपं जातं कारण आपला सा जसा हवा तिथे धरता येतो तसाच त्यांचा डो. पेटी-बिटी काही नाही, क्वायरमास्तर तोंडानेच डो-मी-सो देतो आणि चालू.

अवघड जातं ते वेगळंच. आपल्याकडे उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं गीत असो की रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन, सगळी मंडळी मिळून एकच चाल गाते, आणि तिथे चार आवाजांच्या चार वेगळ्या ओळी असतात, तुम्हाला आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, उभं केलं की तुमची ओळ दोन-तीन सुरांतच घुटमळते, मूळ चाल मात्र शेजारी सोप्रानोवाल्या (वरच्या आवाजातल्या बायका) जोरजोरात गात असतात आणि कान आपोआप तिकडे ओढला जातो. माझ्या बाजूला एक वयस्कर बाई असायच्या, मी घसरले की काही न बोलता माझ्या कानाशी वाकून आल्टोची ओळ हलक्या आवाजात गायच्या, मी परत सुरावर आले की सरळ उभ्या. आणि पाय हलतच राहिले पाहिजेत बरं का, आपण नगरच्या चर्चमध्ये खांबासारखे उभे राहतो ते तिथे आजारी असल्यासारखं दिसतं.

शब्दांचं टेन्शन घेऊ नका. चिचेवा लिहिलीय तशीच वाचायची, मी सगळी गीतं वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचे. अर्थ प्रॅक्टिसनंतर विचारायचा. बाजारात भाजी घेताना जी चिचेवा तोंडात बसत नव्हती ती गाण्यातून बसली.

एक मात्र आधीच ठरवा, की क्वायर म्हणजे फक्त रविवार नाही. मंडळीत कोणी वारलं की क्वायर तिथे जातो, कधीकधी रात्रभर गाणं चालतं. आमची ड्यूटी असायची तेव्हा जमायचं नाही आणि ते आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पण जमेल त्या मयतीला जाच. हॉस्पिटलमध्ये आपण साहेब-मॅडम, तिथे घरच्यांशेजारी जमिनीवर बसलेलो असतो, आणि त्यानंतर लोक आपल्याशी ज्या मोकळेपणाने बोलतात ते शंभर मीटिंगांनी होत नाही.

आणि कृपा करून शिकवायला जाऊ नका. तुम्हाला कीबोर्ड येतो असं लिहिलंय, असू दे. इंडियातून कीबोर्ड नेऊन देणं, लीड घेणं, "आमच्याकडे असं करतात" म्हणणं, पहिलं वर्ष यातलं काहीच नको. त्यांची परंपरा काही कच्ची नाही, उत्तरेला लिव्हिंगस्टोनियाच्या भागात मवेलेरा टेंबोंसारख्या लोकांनी १९ व्या शतकाच्या शेवटीच आपल्या न्गोनी जमातीच्या वळणाच्या चालींवर ख्रिस्ती गीतं रचली होती, म्हणजे साधारण टिळक ख्रिस्ती झाले त्याच सुमारास. त्यांनी मागितलं तर एखादं मराठी भजन शिकवा. आमच्या लोकांनी मागितलं, दोनदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा चार आवाजांत गाऊन दाखवलं, मिस्टर बघतच बसले.

मिस्टरांना सूर नाही म्हणताय, तर त्यांनाही न्या. बेसवाल्यांच्या, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजाच्या, मागच्या रांगेत खपून जातात, आणि क्वायर दुसऱ्या गावच्या मंडळीत ट्रकमधून जातो तेव्हा सामान चढवायला माणसं लागतातच. ड्रेसचं कापड मात्र तिथेच घ्या आणि तिथल्याच टेलरकडे टाका, इथून शिवून नेऊ नका, सगळ्यांचं एकाच ताग्यातलं असतं.