दुधाच्या यंत्रांपासून तेलाच्या प्लॅटफॉर्मपर्यंत: वाचकांचे प्रश्न

माझे आजोबा पवईला एल अँड टीत (लार्सन अँड टुब्रो) फिटर होते. कंपनी आधी डेअरीची यंत्रं विकायची, असं ते सांगत. मग ती तेलाच्या कामात शिरली कशी? (मुलुंड)

आजोबांचं बरोबर आहे. हेनिंग हॉल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी केली. डेन्मार्कहून डेअरीची यंत्रं मागवायची आणि इथे विकायची, हा धंदा. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि माल यायचा थांबला. विकायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी छोटं वर्कशॉप काढलं आणि युद्धकाळात जहाजदुरुस्तीची कामं घेतली. माझ्या मते कंपनीचा खरा जन्म इथला. विकणारे हात पत्रा कापायला, जोडायला शिकले. पुढे पवईत कारखान्यांसाठी जाड पत्र्याची अवजड भांडी, म्हणजे मोठ्या टाक्या, बनू लागली, आणि ते वेल्डिंग ज्याला जमतं त्याला समुद्रातलं पोलादकाम अगदीच परकं राहत नाही.

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात, बॉम्बे हाय या भागात तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि प्लॅटफॉर्मची, म्हणजे तेल काढण्यासाठी समुद्रात उभ्या केलेल्या पोलादी मंचांची, गरज उभी राहिली. त्या कामात एल अँड टी शिरली; त्यात आपल्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कंपनीचाही मोठा वाटा आहे. त्याची आठवण फार कमी लोक काढतात, याचं मला वाईट वाटतं.

प्लॅटफॉर्म बांधणाऱ्याला तेलात वाटा मिळतो का? आणि एल अँड टीचं प्लॅटफॉर्म बांधायचं यार्ड पवईला न होता सुरतजवळ हजिऱ्याला का? (डोंबिवली)

वाटा नाही. बॉम्बे हायचं तेल काढते ओएनजीसी ही सरकारी तेल कंपनी. कंत्राटदार आराखडा, खरेदी, बांधणी आणि समुद्रात उभारणी करून देतो, त्याचे पैसे घेतो.

प्लॅटफॉर्मचा खालचा पोलादी सांगाडा म्हणजे जॅकेट. बॉम्बे हायला पाणी साधारण ७५ मीटर खोल, म्हणजे जॅकेट वीसमजली इमारतीहून उंच. ते पवईच्या रस्त्यांवरून कसं नेणार? पाण्याकाठी बांधून थेट बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट तराफ्यावर, चढवावं लागतं, म्हणून पाण्याकाठचं हजिरा.

मुलाच्या अनुभवपत्रावर ‘एल अँड टी हायड्रोकार्बन इंजिनिअरिंग’ आहे. आता त्या नावाची कंपनीच नाही म्हणतात. पत्र बाद झालं का? (ठाणे)

अजिबात नाही. ती एल अँड टीच्याच पूर्ण मालकीची कंपनी होती, २०२२ मध्ये मूळ कंपनीत विलीन झाली. बायोडेटात जुनंच नाव ठेवा, पुढे ‘२०२२ पासून लार्सन अँड टुब्रोत विलीन’ एवढं लिहा.