खांब काढ, पण सावली सांभाळ

भावा, आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं तुझं जलरंगातलं चित्र बघितलं. विजेचा खांब वगळलास म्हणून 'हे खोटं झालं का?' असं विचारतोस. अजिबात नाही. खांब बिनधास्त काढ, हवी तर काठावर नसलेली म्हसही बसव. खोटं दुसरीकडंच झालंय. सूर्य शालिनी पॅलेसच्या मागं मावळतोय आणि काठावरच्या माणसांच्या सावल्या तू पॅलेसच्याच दिशेनं टाकल्यास. त्या आपल्याकडं यायला पाहिजेत. शिवाय पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या भिंतीइतकंच उजळ रंगवलंस. उजळ वस्तू पाण्यात जरा गडद दिसते आणि गडद वस्तू जरा फिकी. संध्याकाळी जाऊन डोळे बारीक करून बघ, लगेच कळेल.

फोटोवरून काढणं सध्या बंद कर. फोटोत सावल्या बऱ्याचदा नुसत्या काळ्या येतात, त्यातला निळा-जांभळा नीट दिसत नाही. (मोबाईल घरी ठेवलास तर उत्तम, पण तू ठेवणार नाहीस!)

कल्पनेची भीती मात्र बाळगू नकोस. आपल्याच गावचे चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी 1925 साली 'सावकारी पाश' केला. मूकपट, त्यातला शेतकरी कथेतला, म्हणजे रचलेला. पण जमीन सावकाराच्या घशात जाणं तेव्हाच्या घराघरातलं होतं, म्हणून ते लोकांना भिडलं.

पुढच्या खेपेला रंकाळ्यातला दगडी संध्यामठ घे. पाणी ओसरलं की दगडावर ओलीची रेघ राहते. आधी ती रेघ नीट जमव, वरचं आभाळ तुझ्या मनासारखं रंगव.